चौकोनी तुकडा की सोफा कव्हर: सोलापूरच्या एका कंटेनरची गोष्ट

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आणि त्याच आवारात शाळेच्या गणवेशांचा शिवणविभाग, असा या घराचा धंदा. गणवेशाचं काम उन्हाळ्यात जोरात असतं. शाळा सुरू होऊन महिना लोटला की ओव्हरलॉक मशिनं झाकून ठेवायची वेळ येते आणि शिवणाऱ्या बायकांना घरी बसावं लागतं. दिवाळीपर्यंत त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून या घरानं स्ट्रेच सोफा कव्हरचा जोडधंदा सुरू केला. कापड पॉलिएस्टर आणि इलास्टेनचं (इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा), मागावर विणलेलं नाही तर निट केलेलं, म्हणजे टी-शर्टासारखं फाशांचं, चीनहून येणारं. घरातल्या कर्त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते. आयातीचं काम त्यांचा धाकटा मुलगा बघतो. मी त्यांचं अप्रत्यक्ष करांचं काम पाहतो. पार्टीची ओळख कळू नये म्हणून पुढचे आकडे गोल केले आहेत.

2025 च्या ऑगस्टमध्ये न्हावा शेवा बंदरात त्यांचा एक कंटेनर लागला. पुरवठादारानं इनव्हॉइसवर सगळ्या मालापुढे 6304 हे एकच हेडिंग, म्हणजे टॅरिफमधला (कस्टम्सच्या दरपत्रकातला) मालाचा चार अंकी कोड, टाकलं होतं. सीएचएनं, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटानं, तेच उचलून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सकडचा अर्ज, भरली. माल मात्र पाच प्रकारचा होता. एक, तयार सोफा कव्हर, कडेला इलॅस्टिक घातलेली. दोन, त्याच कापडाची कुशन कव्हर, चेन लावलेली, आत काही नाही. तीन, 2.4 मीटर बाय 1.8 मीटरचे तुकडे, चारही कडा ओव्हरलॉक केलेले. इनव्हॉइसवर वर्णन 'सेमी फिनिश्ड सोफा कव्हर'. चार, हात, पाठ आणि बैठकीच्या आकारात कापलेल्या पॅनेलचे संच, एका पिशवीत एका सोफ्याचा पूर्ण संच, शिवण मारायची बाकी. पाच, खुर्चीवर टाकायच्या गाद्या, आत बोटभर जाडीचा फोम.

आता ड्युटीचं मूल्यांकन फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन, असल्यामुळे बिल न्हावा शेव्याचं असलं तरी तपासणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. क्वेरी दोन ओळींची आली: तिसऱ्या मालावर आयातीनंतर कोणती प्रक्रिया होणार ते सांगा, आणि तो चॅप्टर 60 चं, म्हणजे निटचं नुसतं कापड का धरू नये याचा खुलासा द्या. नमुनाही मागवला.

अण्णांना हे पटेना. "अहो, मी सोफा कव्हरच मागवलंय की. कापड पाहिजे असतं तर ताग्यानं मागवलं असतं. एकेका सोफ्याच्या मापानं तुकडा कापून घेतलाय, वर ओव्हरलॉक पण मारून घेतलंय."

धंद्याच्या बाजूनं हा युक्तिवाद खोटा नाही. तुकड्याचं माप खरोखरच तीन माणसांच्या सोफ्याचं होतं. पण टॅरिफला तुमचा हेतू दिसत नाही. बंदरात माल ज्या अवस्थेत आला, त्या अवस्थेचं वर्गीकरण होतं. सोलापूरच्या शेडमध्ये त्याचं पुढे काय होणार, हा नंतरचा भाग. म्हणून क्वेरीला उत्तर लिहिण्याआधी तिसऱ्या आणि चौथ्या मालाचे नमुने टेबलावर घेतले.

6304 ज्यात येतं त्या चॅप्टर 63 चा पहिला भाग फक्त 'मेड अप', म्हणजे कापडापासून तयार केलेल्या वस्तूंना लागू होतो. मेड अप म्हणजे काय, हे टॅरिफच्या विभाग 11 च्या टीप 7 मध्ये लिहिलेलं आहे. सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानं ती टीप एकदा तरी शांतपणे वाचावी असं मला मनापासून वाटतं, कारण निर्यातीतही तीच लागू होते. तिच्यानुसार चौकोन किंवा आयत सोडून दुसऱ्या आकारात कापलेला माल मेड अप ठरतो. मागावरूनच वापरायला तयार उतरलेला, फक्त मधले धागे कापून सुटा करायचा माल मेड अप ठरतो. आपले कित्येक टॉवेल याच कलमात बसतात. कडा दुमडून शिवलेला, किंवा कडेला गाठी मारलेल्या दशा असलेला माल मेड अप. दोन तुकडे शिवून किंवा चिकटवून जोडले तरी मेड अप. पण दुमडलेल्या कडांच्या त्याच कलमात एक अपवाद जोडलेला आहे: कापलेल्या कडा उसवू नयेत एवढ्यासाठी नुसती धाग्याची गुंडाळी किंवा तसाच साधा उपाय केला असेल, तर तो माल मेड अप धरायचा नाही.

अण्णांच्या मुलानं नमुन्याच्या एका कोपऱ्यावर ओव्हरलॉकचा धागा पकडून ओढला. साखळी सर्रकन सुटत गेली आणि हातभर कड उघडी पडली. खाली दुमड नाही, पट्टी नाही, फक्त कात्रीची रेघ. कव्हर शिवताना हीच कड आत जाणार, तिच्यावर इलॅस्टिकची नळी बसणार. म्हणजे ओव्हरलॉक मारलं होतं ते कापड सांभाळायला, वस्तू पूर्ण करायला नव्हे. आकार आयत, कडा कच्च्या, जोड कुठे नाही. टीप 7 मधल्या एकाही कलमात हा तुकडा बसत नव्हता.

सीएचएनं टॅरिफच्या वर्गीकरणाच्या सामान्य नियम 2(अ) चा आधार सुचवला. अपूर्ण वस्तूत पूर्ण वस्तूचं मूळ रूप आलेलं असेल तर ती पूर्ण वस्तूच्याच हेडिंगमध्ये जाते, असा तो नियम. पण त्याची कसोटी कडक आहे. तुकड्याला तयार वस्तूचा ढोबळ आकार आलेला हवा आणि एखादा अपवाद सोडला तर त्याचा उपयोग तीच वस्तू करण्यासाठी होणारा हवा. आमच्या आयताची उद्या बेडवरची चादर होईल, टेबलावर टाकायचं कव्हर होईल, नाहीतर चार कुशनची कव्हर होतील. तो फक्त सोफा कव्हरच होऊ शकतो असं त्याच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही. शिवाय विभागाच्या टिपेनं मेड अपची व्याख्या केलेली असताना, ती ओलांडून कापडाला 63 मध्ये नेण्यासाठी 2(अ) वापरणं मला योग्य वाटलं नाही. अधिकाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं आणि तसं अण्णांना स्पष्ट सांगितलं.

चौथ्या मालाचं उत्तर याच टिपेनं उलट दिलं. सोफ्याच्या हाताचं पॅनेल वरून गोल, खाली रुंद. पाठीच्या पॅनेलला कोपऱ्यात खाचा. आयताकृती नाही, म्हणून पहिल्याच कलमानं ते मेड अप झालं आणि चॅप्टर 60 मधून बाहेर पडलं. मग प्रश्न उरला 63 मधल्या कोणत्या हेडिंगचा. एका पिशवीत एका सोफ्याचा संपूर्ण संच, कापणी पूर्ण, फक्त जोडणी बाकी, आणि त्या आकारांचा दुसरा काही उपयोग नाही. इथे 2(अ) ला खरोखर जागा आहे आणि 6304 टिकतं. पॅनेल सुटी, मोजून न लावता पोत्यात भरून आली असती तर अधिकारी 6307 (इतर मेड अप वस्तू) कडे बोट दाखवू शकला असता. म्हणून संचवार पॅकिंगचे फोटो आणि प्रत्येक पिशवीतल्या तुकड्यांची यादी उत्तराला जोडली. उत्तरातलं सगळ्यात उपयोगी पान तेच ठरलं.

बाकीचा माल सोपा. तयार सोफा कव्हर म्हणजे फर्निचरवर घालायचं सुटं कव्हर, निट कापडाचं: 6304 91. कुशन कव्हरही तिथेच. फोम भरलेली खुर्चीची गादी मात्र 6304 मध्ये राहू शकत नाही, कारण ते हेडिंग 9404 मधला माल स्वतःच वगळतं. आत काहीतरी भरलेलं कुशन, उशी, गादी 9404 मध्ये जाते. ही दुरुस्ती अधिकाऱ्यानं विचारण्याआधीच आम्ही सुचवली.

6302 आणि 6304 यांच्यातली सीमा इथे सांगून ठेवतो, कारण पेठेत तिचा गोंधळ सतत दिसतो. चादर, उशीचा अभ्रा, टेबलक्लॉथ, टॉवेल, स्वयंपाकघरातली फडकी हा धुवायचा घरगुती कपडा, तो 6302. बेडवर शोभेला घालायचं बेडस्प्रेड, कुशन कव्हर, फर्निचरची कव्हर, भिंतीवरची लटकणी 6304. पडदे आणि झालरी 6303. पांघरायची ब्लँकेट 6301. भारतीय टॅरिफमध्ये 6304 92 खालच्या आठ अंकी यादीत मात्र उशीच्या अभ्र्यांचं, टेबलक्लॉथचं, टॉवेलचंही नाव येतं. ते बघून लोक अभ्रे थेट 6304 मध्ये टाकतात. क्रम उलटा आहे: आधी चार अंकी हेडिंग ठरवायचं, नंतर त्याच्या पोटात उतरायचं. पोटातलं एखादं नाव दिसलं म्हणून माल वरच्या हेडिंगमध्ये ओढता येत नाही.

टॉवेलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विभाग 11 च्या उपशीर्षक टिपेप्रमाणे, जमिनीचं (म्हणजे पायाचं) कापड आणि वर लूप किंवा पाइल (उभे धागे) अशी रचना असेल तर धागा ठरवताना जमीन हिशेबात घ्यायची नाही. टेरी टॉवेलचे लूप सुती आणि जमीन पॉलिएस्टरची असली, तरी तो सुती टेरीच. वजनानं कुठला धागा जास्त हे मोजत बसून पॉलिएस्टर लिहिणारी बिलं मी पाहिली आहेत.

तर तिसरा माल कापड. पण कोणतं? पुरवठादाराच्या कागदावर इलास्टेन 3 टक्के लिहिलं होतं. निट कापडात वजनानं 5 टक्के किंवा जास्त इलास्टोमेरिक धागा असेल तर 6004, कमी असेल तर बहुधा 6006. इलास्टोमेरिक कशाला म्हणायचं हेही विभागाच्या टिपांत आहे: तिप्पट ताणला तरी तुटत नाही, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परत येतो, असा सिंथेटिक फिलामेंट धागा. कापडाची ताण बघूनच 3 टक्क्यांवर विश्वास बसेना. प्रयोगशाळेचा अहवाल 7 टक्के आला. म्हणून 6004 10.

आता पैशाचं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात निट कापडाच्या नऊ टॅरिफ लाइनवरची (आठ अंकी कोडवरची) बेसिक ड्युटी, म्हणजे मूळ आयात शुल्क, बदलली. आधी कुठे 10, कुठे 20 टक्के होती; ती 20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, यातलं जे जास्त ते, अशी झाली. 6004 10 त्या नऊमध्ये आहे. हिशेब असा. गोल जीएसएम कटरनं 100 चौरस सेंटिमीटरची चकती कापली, काट्यावर 2 ग्रॅम भरली, म्हणजे 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम). तुकड्याचं क्षेत्रफळ 4.32 चौरस मीटर, वजन 864 ग्रॅम. 3,000 तुकड्यांचे 2,592 किलो. किंमत किलोला 350 रुपये धरली तर मालाचं मूल्य 9,07,200. त्याच्या 20 टक्के 1,81,440. किलोच्या हिशेबानं 2,98,080. जास्त ते लागणार, म्हणजे सरचार्ज आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) बाजूला ठेवूनही प्रत्यक्ष बोजा 33 टक्क्यांच्या आसपास.

115 रुपये म्हणजे 575 चे 20 टक्के. किलोला 575 च्या वर किंमत असलेल्या कापडाला टक्केवारी लागते, खाली असलेल्याला किलो. कापड जितकं स्वस्त, तितका टक्क्यातला मार जास्त. स्वस्तात येणाऱ्या सिंथेटिक निटला आळा घालण्यासाठीच हा दर बांधला आहे. काही सिंथेटिक निट कापडांवर 2024 मध्ये किलोला 3.5 डॉलरची किमान आयात किंमतही याच कारणानं आली; अण्णांचं कापड त्या किमतीच्या वर होतं, त्यामुळे तो वाद उद्भवला नाही. परदेशी टॉवेल स्वस्तात येऊ नये असं म्हणणाऱ्या गावानं या दरावर रागवावं असं मला वाटत नाही. ज्यांचे निटचे कारखाने आहेत त्यांची पोटंही अशीच चालतात.

आयजीएसटीतही फरक पडत होता. कापडाला 5 टक्के. मेड अपला त्या वेळी नगाची किंमत 1,000 रुपयांपर्यंत 5 आणि वर 12. हाच दर 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 पर्यंत 5 आणि वर 18 असा बदलला. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बेसिक ड्युटीचं मिळत नाही. म्हणून नजर बेसिकवर ठेवायची.

अण्णांपुढे तीन वाटा होत्या. वाद घालून कस्टम्स कायद्याच्या कलम 17(5) खाली कारणांसहित आदेश मागायचा. पुनर्मूल्यांकनापासून 15 दिवसांत तो द्यावा लागतो आणि त्यावर 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. दुसरी वाट कलम 18 खाली हंगामी मूल्यांकन करून बाँडवर माल सोडवणं. तिसरी, लेखी मान्य करून भरणं. लेखी मान्य केलं की कारणांसहित आदेश मागता येत नाही. आणि आयटीसी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितल्यापासून, मूल्यांकनाला अपिलात आव्हान न देता नुसता रिफंडचा अर्ज करून पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे मान्य करायचं ते विचार करून.

आयतांबद्दल मान्यता दिली, पॅनेलबद्दल दिली नाही. एका बिलात दोन भूमिका घेतल्या तर अधिकारी चिडेल अशी भीती सीएचएला होती. माझा अनुभव वेगळा सांगतो. जिथे आपली बाजू पडते तिथे ती सोडून दिली, की जिथे ती उभी आहे तिथलं म्हणणं ऐकलं जातं. पॅनेल 6304 मध्ये मान्य झाले. गाद्या 9404 मध्ये गेल्या. कंटेनरवर डिटेन्शन, म्हणजे तो अडकून राहिल्याचं भाडं, चढलं, पण दिवाळीचा माल वेळेत सोलापूरला पोचला.

खरी अडचण नंतर निघाली. मुलगा फाइल आवरताना म्हणाला, "काका, मे महिन्यात असेच हजार तुकडे आले होते. ते क्वेरी न येता सुटले." तेही 6304 मध्ये, तोच पुरवठादार, तेच वर्णन.

अण्णांचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता: सुटलेला माल सुटला ना? नाही. स्वयंमूल्यांकनात योग्य कोड लिहिण्याची जबाबदारी आयातदाराची आहे, आणि कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस कलम 28 खाली दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. जाणूनबुजून चुकीचं सांगितलं किंवा लपवलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि वर ड्युटीइतका दंड. मे मध्ये लपवण्याचा हेतू नव्हता, हे खरं. पण ऑगस्टमध्ये तोच तुकडा कापड आहे हे स्वतः लिहून दिल्यानंतर मेच्या मालाबद्दल गप्प बसणं, याला पुढे काय नाव मिळेल हे सांगायला नको. कलम 28 मध्येच सोय आहे: नोटीस येण्याआधी स्वतःहून फरक आणि 15 टक्के दरानं व्याज भरून अधिकाऱ्याला लेखी कळवलं, तर दंड न लागता प्रकरण तिथे मिटू शकतं. माल सुटल्यानंतरच्या नोंदी आयातदारानं आपण होऊन दुरुस्त करण्यासाठी 2025 च्या वित्त कायद्यानं कलम 18 ए देखील आणलं आहे.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. हजार तुकड्यांचे 864 किलो, त्यावर 115 नं 99,360, त्यातून आधी भरलेलं वजा, वर व्याज. मग मुलाकडे बघून म्हणाले, "चलन काढ. दोन वर्षं कोण वाट बघत बसणार."

पुढच्या मालाचं काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो. आयताच्या कडा चीनमध्येच दुमडून शिवून आणल्या तर तो मेड अप होतो आणि त्यावरचा बोजा 33 टक्क्यांपेक्षा बराच खाली येतो. कोडच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही. पण मग दुमड घालायचं काम, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग मांडला तेच काम, सोलापूरच्या शेडमधून जातं. कच्च्या कापडावर जास्त आणि शिवलेल्या वस्तूवर कमी कर पडत असेल, तर शिवण परदेशात सरकणारच. निटच्या कारखान्याला दिलेलं संरक्षण शिवणाऱ्या बाईपर्यंत पोचवायचं असेल तर मेड अपच्या दराकडेही त्याच नजरेनं बघायला हवं. हे उद्योग संघटनांनी अर्थसंकल्पाआधीच्या निवेदनात आकडे देऊन मांडावं, असं मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो.

अण्णांनी कडा बाहेर शिवून घ्यायला नकार दिला. आयतासाठीचं स्ट्रेच कापड आता सुरतेहून ताग्यानं येतं. किलोमागे आयातीपेक्षा थोडं महाग पडतं, पण पन्हा मोठा असल्यानं कातरण कमी निघते. चीनहून फक्त गुंतागुंतीच्या आकाराचे पॅनेलसंच मागवायचे ठरलं. एका अधिकाऱ्यानं ते 6304 मध्ये मान्य केले म्हणून दुसरा करेलच असं नाही. म्हणून अग्रिम निर्णय, म्हणजे पुढच्या मालाचं वर्गीकरण आधीच ठरवून घेणं, हा मार्ग होता. पण तोच प्रश्न अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असताना तो मागता येत नाही, म्हणून ऑगस्टचं बिल पूर्ण मिटेपर्यंत थांबलो. त्यानंतर कस्टम्सच्या मुंबईतल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे पॅनेलसंचांचा अर्ज केला. निर्णय मिळाला की कायदा आणि वस्तुस्थिती बदलली नाही तर तो तीन वर्षं चालतो. अर्जाबरोबर एक पूर्ण संच, प्रत्येक पॅनेलचं मापासह रेखाटन, प्रयोगशाळेचा धाग्याचा अहवाल आणि शिवून तयार झालेलं एक कव्हर पाठवलं आहे. पुरवठादारालाही कळवलं: इनव्हॉइसवर 'सेमी फिनिश्ड' हा शब्द नको. तुकड्याचा आकार, कडेची अवस्था, जीएसएम आणि इलास्टेनचा खरा टक्का लिहा.